आईची खोली

रविवार, हिमायतनगर

आई जाऊन महिना झाला. माझा धाकटा भाऊ दिलीप सकाळी म्हणाला, "अक्का, दुखवटा काढायचा असतो. चल, उनकेश्वरला न्हाऊन येऊ." बरं वाटलं. भावाला आपली काळजी आहे.

गरम पाण्याच्या कुंडावरून मी उठले, तर म्हणाला, "बैस की अजून." मग माहूरचा किल्ला. एरवी गुडघे धरून चालणारा माणूस, पण प्रत्येक पडका बुरूज दाखवत राहिला. "लई जुना हाय, बघ." तेव्हाच कळायला हवं होतं. कुंडावरही तेच, बैस की अजून.

संध्याकाळी परतलो तर आईची खोली नव्हती. नुसत्या विटा आणि जेसीबीच्या चाकांच्या खुणा. वर्षश्राद्धापर्यंत खोलीला हात लावणार नाही, असं यानेच दहाव्याला सगळ्यांसमोर सांगितलं होतं ना?

"दुकानाचा गाळा काढायचाय, अक्का. तू इथं असतीस तर पाडू दिली नसतीस."

नसतीच दिली. म्हणून तर नेलं.

माहेरी आले की मी आईच्या खोलीतच झोपते. वहिनीने गादी काढली आणि विचारलं, "अक्का, तुमचं अंथरूण कुठं घालू?"