ठकीचा डोस

४ डिसेंबर १९७८, मंठा
मांजर खात नाही. सगुणा म्हणते, ठकीचे डोळे पिवळे झाले. म्हटलं, मांजराचे डोळे पिवळेच असतात. कानाच्या आतली कातडीसुद्धा पिवळी दिसली, पण ते बोललो नाही. उगाच घाबरायची.

५ डिसेंबर
चुलीपाशी ठकीला झटका आला. सगुणा रडत सुटली. आम्हाला मूलबाळ नाही, तिचा सगळा जीव या मांजरात. शेवटी गुरांच्या दवाखान्यातून देवानंदला बोलावलं. परभणीहून नुकता पास झालेला पोरगा. पोट दाबून म्हणाला, "लिव्हर लई खराब झालंय, काका. औषध फोडायचं काम लिव्हरचं. तेच बसलं तर आजची गोळी उद्याबी अंगातच राहती. पाव तुकडा द्या, तोबी एक दिवस सोडून." झटक्यावरच्या गोळीचे पाव तुकडे करून पुडी बांधून दिली.
हा म्हशी तपासणारा! मी मेडिकल चालवतो.

६ डिसेंबर, सकाळ
पुन्हा झटका, पण हलका. पाव तुकड्याने काय होणार? पुडी कोनाड्यात ठेवली. दुकानातून तीच गोळी आणली. अर्धी, रोज. सगुणेला सांगितलं, देवानंदच्या सांगण्याप्रमाणेच चाललंय.

७ डिसेंबर
झटका नाही! ठकी गाढ झोपलेली. औषध लागू पडलं. गुरांची प्रॅक्टिससुद्धा जमेल मला.

८ डिसेंबर
चालताना झोकांड्या जातात. दाराच्या चौकटीवर आपटली. हा अशक्तपणा. लिव्हर टॉनिक सुरू केलं, माणसांचंच, पण कंपनी चांगली आहे.

९ डिसेंबर
भरदिवसा उंदीर ठकीच्या नाकासमोरून गेला. तिने मान वळवली नाही. स्वभाव निवळला म्हणायचा. सगुणा मात्र तिच्या छातीवर हात ठेवून बसून राहते. मला ते बघवत नाही.

१० डिसेंबर
स्टँडवर देवानंद भेटला. "झोपून राह्यली का?" विचारलं त्याने. म्हटलं, थोडी. "मंग गोळी बिलकुल बंद करा, काका. जल्दी." बराबर आहे, म्हटलं.
पण कोर्स अर्धा सोडायचा नाही, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. आजची अर्धी दिली. उद्यापासून नक्की बंद.

११ डिसेंबर
सगुणेने हाक मारली, "अहो, ठकी उठंना."
लिव्हरच गेलेलं. कोणीही काही करू शकलं नसतं.

१२ डिसेंबर
शेजारच्या तुळजाबाई येऊन सांगून गेल्या, मांजर मारल्याचं पाप लई वाईट, सोन्याचं मांजर दान करावं लागतं. म्हटलं, मारलं कोणी? आजाराने गेली.
सगुणा कोनाड्यातली पुडी घेऊन आली. सगळे पाव तुकडे जिथल्या तिथे. म्हणाली, "हे तर तसेच हायेत. मंग तिला देत काय होते तुम्ही?"
पुडी तिच्या हातून घेतली आणि परत कोनाड्यात ठेवली.

१३ डिसेंबर
सगुणेने कानातल्या कुड्या काढल्या. माहेरच्या. मला सोबत घेऊन सोनाराकडे गेली. सोनाराने विचारलं, मांजर केवढं करायचं? मी म्हणालो, अगदी कमीत करा, पाव तोळ्यातसुद्धा होईल.
सगुणेने कालपासून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "आता कळला व्हय पाव?"
दुकान उघडलं नाही.