दादाच्या ताटातले बटाटे

१२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत, म्हणजे अंथरुणाला खिळलेलं कुणी नाही. तुझी खुशाली कळायला मार्ग नाही, कारण तू फोन उचलत नाहीस. तो वाजत राहतो आणि मग ती बाई येऊन सांगते की आपण संपर्क करत असलेली व्यक्ती उत्तर देत नाही. गेल्या महिन्याभरात तुझ्यापेक्षा तिच्याशीच माझं जास्त बोलणं झालंय. म्हणून म्हटलं, पत्र लिहावं. हसू नकोस. वर्गात पत्रलेखन दरवर्षी शिकवते, पण स्वतः शेवटचं पत्र कधी लिहिलं ते आठवत नाही.

सहामाहीच्या वह्यांचे गठ्ठे घरी आणलेत. जेवायच्या टेबलावर ते आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन. ह्यांचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय. मलाही हल्ली शाळेतून आल्यावर चपला काढायचा कंटाळा येतो. तशीच दारातल्या स्टुलावर बसून राहते. तुझी भाची खारू येऊन माझ्या पायातल्या चपला काढते, तेव्हा कुठे मी उठते.

तुमच्या कोंबडीच्या कारखान्याच्या सहलीचं पुराण अजून संपलेलं नाही. ‘आपलं अन्न कुठून येतं’ हा धडा मी गेली अकरा वर्षं शिकवतेय, आणि अकरा वर्षांत कुणाच्या डब्यावर त्याचा तसूभरही परिणाम झाला नव्हता. या वर्षी मुलांना बेकरी दाखवली, ती खूश. दूध डेअरी दाखवली, तीही मजेत. आणि तुमच्याकडून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत एकतीसपैकी एकाही डब्यात कोंबडी नाही. पालकांच्या चिठ्ठ्या आल्या. एका आईने लिहिलं, ‘आमची मुलगी आता अंड्याकडेही संशयाने बघते, तर तिला काय खायला घालायचं ते बाईंनीच कळवावं.’ एक वडील थेट मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन बसले. मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, “शिकवा हो, पण इतकं नको.”

तू तर आधीच सांगितलं होतंस, “मुलांना पॅकिंग दाखवू. काचेतून बघतील, खोकी मोजतील, खूश होऊन जातील.” मीच शहाणपणा केला. अर्धवट दाखवून काय शिकणार, म्हणाले. आता वाटतं, तुझं ऐकायला हवं होतं. नेमका त्याच वेळी ट्रक आला आणि मुलांनी जिवंत कोंबड्यांचे ते क्रेट बघितले.

बाकी पंधरा दिवसांत निम्मी मुलं ताळ्यावर आली. काही अजून आलेली नाहीत. एकीला प्रत्येक गोष्टीचा छडा लावायचाय. काल तिने मला विचारलं, बिस्किटातलं लोणी ज्या गाईचं, तिचं वासरू कुठे असतं. मी म्हटलं, शोधून सांगते. अजून शोधलेलं नाही.

आपल्या घरात म्हणशील तर खारूने कोंबडी सोडली, म्हणून मीही सोडली. हे घरात आमच्याबरोबर डाळभात खातात आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलातून हात पुसत येतात.

पाच रविवार झाले, तू आला नाहीस. आई गेल्यापासून एवढा खाडा कधी पडला नव्हता. खारू दर रविवारी खिडकीत जाऊन बसते आणि विचारलं तर म्हणते, गाड्या मोजतेय. काम जास्त आहे का? मनगट कसं आहे? डॉक्टरकडे गेला होतास का, की नुसतंच बघू बघू चाललंय?

थोरामोठ्यांना नमस्कार लिहायचा, तर तुझ्या खोलीत थोर तूच आणि मोठाही तूच. तेव्हा तुलाच नमस्कार. उत्तर लिही.

तुझी,
ठमी


२० नोव्हेंबर

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. अक्षर छान आहे, बाई शोभतेस.

काम जास्त आहे. कापणीच्या लाइनवरचे दोघं सोडून गेले, त्यांच्या वाटचं आमच्यावर आलंय. पट्टा काही कुणासाठी हळू होत नाही. डॉक्टरकडे गेलो होतो. तो म्हणाला, हाताला आराम द्या. मी म्हटलं, बरं. सकाळी बोटं उघडत नाहीत, ती कोमट पाण्यात धरली की उघडतात. लिहायला त्रास होतो म्हणून थोडक्यात लिहितो.

मुलांचं मनाला लावून घेऊ नको. बघितलं की काही दिवस घास उतरत नाही. माझंही तसंच झालं होतं. पहिली आठ वर्षं मी कापणीलाच होतो. तिथे येतं ते सोललेलं, गार. त्याचं काही वाटत नाही. मग एकदा माणूस कमी म्हणून आठवडाभर मला ट्रक उतरवायला धक्क्यावर घातलं. तेव्हापासून मी खात नाही. चौदा वर्षं झाली. तुम्हा लोकांच्या लक्षात आलं नाही ते बरंच झालं, नाहीतर आईने उगाच घोर लावून घेतला असता. तू वाढायचीस ती फोड मी खारूच्या ताटात सरकवायचो, ती व्हायच्या आधी आईच्या. मला रस्स्यातले बटाटे पुरतात.

मग दर रविवारी कोंबडी आणायचास कशाला, असं विचारशील. कामगारांना सवलतीत मिळते. आणि तुम्हाला आवडायची.

आणखी एक. सहलीच्या दिवशी तू मुलांशी काय बोललीस ते मला ऐकू आलेलं नाही. तिथे मशीनचा आवाज फार असतो. बावीस वर्षांत माझे कानही गेलेत. तेव्हा त्याचं काही मनात ठेवू नको.

खारूला सांग, गाड्या मोजायच्या तर रोज मोज, नुसत्या रविवारी मोजून हिशेब लागत नाही.

तुझा,
दादा


२७ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार.

तुझं पत्र आल्याला चार दिवस झाले. ते पर्समध्ये घेऊन फिरतेय. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा वह्या तपासायला घेतल्या. आज सगळ्या वह्या तपासून संपल्या, आता पळायला जागा उरली नाही.

मी तुला काहीच विचारलं नव्हतं रे. मी काय बोलले ते ऐकलंस का, असं माझ्या पत्रात कुठेही नव्हतं. तरी तू लिहिलंस की ऐकू आलं नाही. लहानपणी मी तुझी पाटी फोडली तेव्हाही आईला तू असंच सांगितलं होतंस, मी काही बघितलं नाही म्हणून. तेव्हाही तुला नीट खोटं बोलता आलं नव्हतं.

तुला ऐकू आलं. मी काय म्हणाले ते आता मीच लिहिते. ते माझ्या हातून कागदावर आल्याशिवाय मला झोपच लागायची नाही असं झालंय.

त्या दिवशी तू दारात उभा होतास. कोरा पांढरा कोट मागून घेतलेला, केस कापलेले. मुलांच्या मापाचे गमबूट नाहीत म्हणून एकतीस जोड्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि रबरं आणून ठेवली होतीस. मुलांना आत न्यायची परवानगी मिळावी म्हणून तीन आठवडे तू साहेबांच्या मागे होतास, हे मला तुझ्या लाइनवरच्या जोडीदाराकडून कळलं. मी आत पाऊल टाकलं आणि तू सगळ्यांदेखत ओरडलास, “ठमे, जपून गं, ओलं आहे!” पोरं खिदळली. माझ्याबरोबर आलेल्या दुसऱ्या बाई नाकावरचा रुमाल न काढता माझ्याकडे बघायला लागल्या. मला तेव्हाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. कशाचं, ते विचारू नकोस. मला स्वतःलाच नीट सांगता येत नाही.

मग ट्रक आला. मुलं रडायला लागली. त्या एकावर एक रचलेल्या क्रेटमधून माना बाहेर आल्या होत्या आणि तू तिथे उभा राहून शांतपणे सांगत होतास, कुठून येतात, किती तासांनी येतात, पुढे काय होतं. मीच तर सांगितलं होतं तुला, सगळं खरं सांग म्हणून. तेव्हा ती छडा लावणारी मुलगी माझा पदर ओढून म्हणाली, “बाई, हे काका दुष्ट आहेत का? ते तुम्हाला ठमे का म्हणाले? तुमचे कोण आहेत ते?”

आणि मी म्हणाले, “कुणी नाही गं. पूर्वी आमच्या शेजारी राहायचे.”

तू दोन पावलांवर होतास. वळला नाहीस. बूट धुवायच्या हौदाशी वाकून एका मुलाच्या पायाचं सुटलेलं रबर नीट करत राहिलास, ते बराच वेळ नीट होईना.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण खारूही माझ्याच वर्गात, ती माझ्या शेजारीच उभी होती. निघताना मी मुलांना आभार मानायला सांगितलं. सगळी ओळीने म्हणाली, थँक्यू काका. खारूची पाळी आली. तिने आधी माझ्याकडे बघितलं आणि मग तुझ्याकडे बघून म्हणाली, “थँक्यू काका.”

चालायच्या आधी जिला तुला मामा म्हणता येत होतं, तिने काका म्हटलं. मी तिला शिकवलं नव्हतं, तशी खूणही केली नव्हती. ती दहा वर्षांची आहे, तिला समजलं की आईला काय हवंय. तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, “शाब्बास, बाळ. नीट अभ्यास कर.” जसा दुसऱ्या कुणाच्याही मुलीला म्हणाला असतास.

ती कोंबडी खात नाही ती कोंबडीमुळे, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. तुलाही तेच लिहिलं. तुझं पत्र आलं त्या दिवशी तिला जवळ बसवून विचारलं. ती म्हणाली, “मला कोंबड्यांचं वाईट वाटतंच. पण रविवारी मामाने आणलेलीच आपण खायचो ना. आता मामाच नाही, तर कशाला खायची?”

माझं म्हणशील तर मलाही खरंच जात नाही. पण ते क्रेट बघून नाही. काचेतून तुझी जागा बघितली तेव्हापासून. दुसरा कुणीतरी तिथे उभा होता. डाव्या हातात जाळीचा मोजा, उजव्या हातात सुरी, आणि मनगटाला एकच हिसका. मी घड्याळ लावून मोजलं. एका मिनिटात बावीस. आठ तास, बावीस वर्षं. त्या हिशेबापुढे मी गेलेच नाही. तुझ्या त्या हिसक्यावर मी बाई झाले, माझ्या फिया तिथून आल्या, खुर्चीवर बसून मुलांना शहाणपण शिकवायची सोय तिथून झाली. आणि कुणी विचारलं तर शेजारी. मला लाज वाटली दादा. तुझी वाटली. आता माझी वाटते आणि ही दुसरी काही केल्या जात नाही.

चौदा वर्षं तू बटाटे खात होतास. आम्ही तुला बटाट्या म्हणून चिडवत होतो आणि तू हसत होतास. मी दर रविवारी तुझ्या ताटात मोठी फोड वाढायचे, कमावता माणूस म्हणून. ती कुठे जाते ते एकदाही बघितलं नाही. अन्न कुठून येतं ते एवढ्या घोकंपट्टीने शिकवलं आणि ते कुणाच्या ताटातून कुठे गेलं, याचा पत्ता नाही.

काल वर्गात मी उभी राहिले आणि सांगितलं. आपल्याला कारखाना दाखवणारे ते काका माझे सख्खे मोठे भाऊ आहेत. मी त्या दिवशी खोटं बोलले. मग ती पोरगी उठली, ती सोडते का? “बाई, मग ते दुष्ट नाहीत ना?” मी म्हटलं, नाहीत, आणि ते स्वतः कोंबडी खातही नाहीत. “मग काय खातात?” मी म्हटलं, बटाटे. सगळा वर्ग हसला. खारू बाकावर डोकं टेकून बसली होती, तिने डोकं वर केलं आणि शेजारणीला म्हणाली, “माझा मामा आहे तो.” मग मागच्या बाकाला सांगितलं. मग पलीकडच्या रांगेला. मी तिला गप्प केलं नाही.

दुसऱ्या बाई शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या, “अहो, तेव्हाच सांगायचं की!” मी म्हटलं, हो, तेव्हाच सांगायला हवं होतं.

माफी मागत नाही. मागितली की तू लगेच देऊन टाकशील आणि वर म्हणशील, ऐकूच आलं नव्हतं. यायचं की नाही ते तू ठरव. मी फक्त एवढंच सांगते की रविवारी बटाट्यांचा रस्सा करणार आहे, नुसत्या बटाट्यांचा. येताना काही आणू नकोस. हात तेवढे घेऊन ये. मोठ्या पातेल्यात कोमट पाणी काढून ठेवीन. ताटं टेबलावर मांडता येतील, वह्या गेल्या आता.

नाही आलास तर पुढच्या रविवारीही तेच करीन. कंटाळले तरी करीन.

खारू आत्ता शेजारी बसून हे वाचतेय. मी लपवलं नाही.

आईच्या हाताखाली तुझ्याबरोबर वाढलेली, कधीच शेजारची नसलेली,
तुझी सख्खी बहीण,
ठमी