पोटातला न्हाय

प्रिय समता,

निपाणीची पहिली डेथ मेटल गायिका म्हणून तुझ्यावरील माहितीपट पूर्ण झाला. तुझ्या गाण्यांतल्या गुरगुरत्या ओळी पडद्यावर अक्षरांत उमटणार असल्याने दिग्दर्शिका रचना त्या माझ्याकडून तपासून घेण्यास आल्या होत्या. तुझ्या ‘न्हाय’चे त्यांनी ‘नाही’ केले होते.

“सर, आता शुद्ध आहे ना?”

लग्नानंतर मी तुझे ‘न्हाय’ सुधारू गेलो, तेव्हाचे तुझे उत्तर मला आठवले : “अवो मास्तर, तुमचं ‘नाही’ नाकातच अडकतंय. ‘न्हाय’ कसं, पोटातनं येतंय!”

तुझी भाषा सदैव सुधारणाऱ्या मी तो शब्द आग्रहाने पूर्ववत करवून घेतला.

लोक भेटीस येऊन “समताताई गेल्या” म्हणतात, तेव्हा माझ्याही पोटातून तोच शब्द उठतो. तोंडाने मात्र मी “होय” म्हणतो.

तुझाच,
बुद्धप्रिय