गच्चीचं पाणी

शनिवार, ३० नोव्हेंबर १९९६
दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आज गाझियाबादला स्वतःच्या घरी आलो. वसाहत नवी आहे. अजून निम्मे प्लॉट मोकळे, त्यांत मोहरी पेरलेली. कोपऱ्यावर मात्र एसटीडी बूथ आणि केबलवाला दोघेही आधीच येऊन बसलेत. ट्रकमधून पहिल्यांदा देवांची पेटी उतरवली, मग तुळशीचं रोप. इतकी वर्षं ती बिचारी डालड्याच्या डब्यात वाढली, आज तिला जमीन मिळाली. सौ. विजयमाला म्हणाली की आता भिंतीत खिळा मारायला सरकारला विचारायला नको, आणि तिने लगेच एक मारूनही घेतला. मागची खोली उत्तरासाठी ठेवली आहे. सकाळचं ऊन तिथे सरळ पलंगावर येतं. लेकीचं पहिलं बाळंतपण आपल्या मालकीच्या छपराखाली होणार. देवाने फार दिलं.

गुरुवार, ५ डिसेंबर
उत्तरा आली. जावई जयंतराव फौजेत, सध्या आसामात आहेत. त्यांना सुटी नाही, त्यामुळे त्यांच्या बहिणीने आणून सोडलं. सातवा सरत आला आहे. चेहरा भरलाय, चाल जड झालीय, तोंड मात्र तसंच. मागच्या खोलीची भिंत खालून ओली दिसली म्हणून मी हात लावून बघत होतो, तर म्हणाली, "यार बाबा, भिंतीची नाडी बघताय का?"
दोष गच्चीचा आहे. तिचा सगळा ढाळ मागे काढलाय आणि पन्हळीचं पाणी थेट पायाशी पडतं. टाकी वाहिली तरी भिंत पाणी पिते. थंडीतला पाऊस इथे जानेवारीत येतो, असं शेजारी सांगतात. बाळंतिणीच्या खोलीला ओल चालायची नाही. पन्हळीपासून जमिनीखालून पाइप टाकून पाणी पुढच्या नालीत सोडायचं ठरवलं.

शनिवार, ७ डिसेंबर
शंभू मिस्त्री कामाला आला. गप्पिष्ट माणूस आहे. पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन्ही टोकांना धरून आम्ही पातळी घेतली, सुतळी बांधली आणि चर खणायला लागलो. आधी नळाची लाइन आडवी आली, ती ओलांडली. तुळशीपाशी पहार कशावर तरी ठणकली. माती हाताने बाजूला केली तर मडकं निघालं. उपडं होतं, तोंड चुन्याने लिंपून बंद केलेलं. शंभूने पहार उचलली, मी त्याचा हात धरला.
आमच्या गावी दात येण्याआधी गेलेलं लेकरू जाळत नाहीत, मडक्यात घालून मातीत ठेवतात. मडक्याचं तोंड मात्र वर असतं, आभाळाकडे. इथे ते उपडं का, कळलं नाही. मी नमस्कार केला, माती परत सारली आणि एक बेंड लावून पाइप बाजूने वळवायला सांगितला.

रविवार, ८ डिसेंबर
डावीकडे वळलो तर तिथे दुसरं. उजवीकडे तिसरं. जिकडे चर न्यावा तिकडे मडकं वाट अडवून बसलेलं. शंभू म्हणाला की बाबूजी, ही लाइन नाही, जलेबी झाली. शेवटी एकच मोकळी वाट राहिली: मागच्या खोलीच्या पायाला लागून, उत्तराच्या खिडकीखालून. नाइलाजाने तीच धरली.
जुन्या गावातून दूध घालायला अंगूरी येते. तिला विचारलं. अगदी सहज म्हणाली की हो, ही जागा तान्ही लेकरं पुरायचीच होती. सरकारने घेतली तेव्हा सगळं सपाट केलं. इथे ठेवलेल्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्यासाठी रडायचं नाही, असा गावाचा नेम. उपडं ठेवायचं, म्हणजे आईचा आवाज कानावर जात नाही.
दिवसभर तेच मनात घोळत राहिलं. कुणी हाकसुद्धा मारली नाही त्या जिवांना.

मंगळवार, १० डिसेंबर. अमावास्या
रजा घेतली. आंघोळ करून अंगणात दक्षिणेला तोंड करून बसलो आणि त्या लेकरांना तिळाचं पाणी दिलं. ज्याचं गोत्र माहीत नाही त्याला काश्यप म्हणावं, असा प्रघात आहे. मला ते कोरडं वाटलं. अनाथाला निदान एक दिवस तरी घर असावं. म्हणून मी माझं गोत्र सांगितलं, माझं आडनाव लावलं आणि आमच्या कुळातली समजून पाणी सोडलं. मन हलकं झालं. खूप दिवसांनी पूजेत डोळे भरून आले.

बुधवार, ११ डिसेंबर
सकाळी हे अंगूरीला सांगितलं. तिने दुधाची किटली खाली ठेवली.
"पानी दिया? अपना नाम लगाकर?" आणि मग खिडकीत बसलेल्या उत्तराकडे बघत म्हणाली, "तो अब आपके हुए, बाबूजी. पर घर में पेट तो एक ही है."
विजयमालाने तिला फटकारलं. अंगूरीने दुधाचे पैसे घेतले नाहीत. उद्यापासून दुसरीकडून दूध बघा, एवढंच म्हणून गेली.

शनिवार, १४ डिसेंबर
चर उघडाच होता. सकाळी पाहिलं तर सगळी मडकी उताणी. चुना फुटलेला, आत काही नाही, धूळसुद्धा नाही. शंभूला वाटलं मी उघडली, मला वाटलं त्याने. संध्याकाळी हत्यारं गोळा करून गेला, परत येणार नाही म्हणाला. उरलेले जोड मी स्वतः बसवले. ढाळ तीनदा तपासला. काम चोख झालंय. थेंबही अडणार नाही.

शनिवार, २१ डिसेंबर
उत्तराला झोप नाही. पोटात नुसती ढकलाढकल चालते म्हणते. विजयमालाने तेल लावताना पाहिलं, पोटावर आतून उमटलेले काळेनिळे डाग आहेत, बोटांच्या पेराएवढे. नर्सिंग होमच्या डॉक्टरीणबाईंनी आधी जुळं म्हटलं. मग मशीनवर पाहिलं आणि एकच आहे, छान आहे, काळजी करू नका, असं सांगितलं. पाहताना त्यांनी दोनदा मशीन बंद करून पुन्हा लावलं.

रविवार, २९ डिसेंबर
उत्तरा खिडकीतून हात घालून चराची माती खात होती. मी ओढून घेतलं. दात काळे. शांतपणे म्हणाली, "बाबा, ते पाळीपाळीने येतात. माझ्या बाळाची पाळी येऊ देत नाहीत."
पोरीला मी थोपटलं. दुसरं काय करणार?
रोज जप करतो. जपात मध्येच कुणीतरी सूर मिसळतं. बारीक, एकाहून जास्त.

शनिवार, ४ जानेवारी १९९७
गच्चीवरून बादलीभर पाणी सोडून पाहिलं. पुढच्या नालीत काही आलं नाही. दुसरी बादली, तिसरी. काही नाही. उत्तराच्या खिडकीखाली उकरलं. एक जोड निखळलेला. त्याखाली, पायाच्या विटांत रुतलेलं, एक मडकं. हे नव्हतं इथे. इथे मीच खणलं होतं. माती कोवळी, ओली. हात लावला — कोमट.
तोंड वर, पाइपाखाली.
आतून कुणीतरी ठोठावतं.

रविवार, ५ जानेवारी
उत्तराने पोटावर हात ठेवून अंगाई म्हटली. रोज म्हणते. पोट हललं नाही. भिंतीखालून ठोके आले, अंगाईच्या ठेक्यात. ती थांबली, ठोके थांबले. पुन्हा म्हटली, पुन्हा आले.
तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही सांगितलं नव्हतं. म्हणाली, "माझं तिथे आहे ना?"

सोमवार, ६ जानेवारी
मडकं उचलायला गेलो. बोटभर हललं आणि आत उत्तरा किंचाळली. कडा जराशी फुटली — तिचं लुगडं रक्ताने भिजलं. फोडता येत नाही. काढता येत नाही. तिला दवाखान्यात न्यायला रिक्षा आणली. गेटबाहेर चाक गेलं तशी ती दुमडली, ओठ निळे पडले. मागे आणली, तेव्हा श्वास आला.
डॉक्टरीणबाईंकडची नर्स घरी येऊन राहायला तयार झाली. तिला काही सांगितलं नाही. काय सांगू?
पाइपाचं तोंड चिंध्यांनी बुजवलं.

बुधवार, ८ जानेवारी
चिंध्या आत ओढल्या गेल्या. पुन्हा बुजवलं. धोतराचं टोक हातातून हिसकावलं. छोटीशी पकड, पण एकीला दुसरी, दुसरीला तिसरी —
आभाळ भरलंय. गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, पाणी आपली पातळी शोधतं. पातळी मी शोधून दिली.
मी उताण्या मडक्यांपुढे डोकं टेकलं. माझं गोत्र परत द्या म्हणालो. अंगणभर हसू आलं. लहान मुलं हसतात तसं. वाईट नव्हतं. लाडिक होतं.
त्यांनी मला आजोबा म्हटलं.

गुरुवार, ९ जानेवारी, सकाळ
पाऊस. उत्तराला कळा.
खड्ड्याशी छत्री धरून बसलोय. वरचा पाइप तोडला. पाणी भिंतीवरून उतरून त्याच वाटेने जातंय. ढाळ माझ्याच हातचा. सगळी गच्ची त्या मडक्यात रिकामी होतेय. तांब्याने उपसतोय, पुरत नाही —

झालं. रडण्याचा आवाज. विजयमाला खिडकीतून सांगते, मुलगा आहे, गोरापान, डोळे उघडून बघतोय. मध चाटवायला आजोबाच हवेत, या ना. ती हसतेय, रडतेय. उत्तरा नाही हसत. उत्तरा ओरडतेय, हा नाही, हा माझा नाही —
खाली ठोके. जोरात. ते रडणं ऐकून जोरात.

नर्स म्हणते कळा थांबत नाहीत. अजून एक आहे.

अजून एक.

पाणी कडेला आलं. मी तळहाताने तोंड झाकलंय, पाणी बोटांमधून जातंय. आतून माझ्या तळव्याला लागलं — बोट. एवढंसं. धरलंय त्याने. माझं बोट धर —

विजयमाला आता हसत नाही. नर्स पळाली, गेट वाजलं. अजून येतायत म्हणते, अहो अजून —

सोडू नको बाळा, मी आहे, मी आजोबा, धर, धरून ठेव, पाऊस थांबेल, धर, पकड ढिली —