हाताच्या टोप्या

सोमवार, ३

पोचले एकदाची. बॅग, माझी जुनी कात्री आणि मी, तिघंही धड आहोत. वृद्धाश्रमाची शिवणखोली तळमजल्यावर आहे, कपडे धुण्याच्या खोलीला लागून. मोठी खिडकी, लांबलचक टेबल, रंगवार लावलेली रिळं. राहायला वरची खोली दिली आहे. माझं शिवणाचं दुकान बंद पडल्यापासून बहिणीच्या बैठकीच्या खोलीत झोपत होते, तेव्हा स्वतःचं दार लावून घेता येणं हीच मला चैन वाटते.

इथल्या मुख्य बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या कधी आवाज चढवत नाहीत आणि बोलताना समोरच्याच्या कॉलरकडे बघतात. मी लगेच कॉलर नीट केली.

नोकरी मिळाली ती मावसभावामुळे. दादाची बदली लांब झाली, म्हणून त्याने मावशीला इथे ठेवलं, आणि शिवणारी बाई हवी आहे असं कळताच माझ्यासाठी शब्द टाकला. मला म्हणाला, तू तिथे असलीस की मला शांत झोप लागेल.

मावशी सुकली आहे, पण मला बघताच ओळखलं. सुई धरायला मला तिनेच शिकवलं. शिवण संपली की दोन गाठी मारायच्या, एक कपड्यासाठी आणि एक आपल्या समाधानासाठी, हे तिचं. मी मशीनवाली झाले म्हणून तिने आजही नाक मुरडलं. बरं वाटलं.

बुधवार, ५

काम मनाजोगतं आहे. उसवलेले गाऊन, उशांचे अभ्रे, बटणं. एका आजोबांच्या प्रत्येक सदऱ्याचं दुसरं बटण गायब असतं, बोलताना ते पिळत बसतात. आज जाड दोऱ्याने लावून दिलंय, बघू कोण जिंकतं.

मोठ्या बाईंनी एक नवं काम दिलं. काही म्हातारी माणसं स्वतःला ओरबाडून घेतात, त्यांच्या हातांसाठी बिनबोटांच्या पिशव्या हव्यात, तान्ह्या बाळांना घालतात तशा. इथे त्यांना टोप्या म्हणतात. मनगटाशी लांब बंद लावायचे. एवढे लांब कशाला, असं विचारलं तर म्हणाल्या, असू देत. मी आतून मऊ अस्तर लावलं आणि उरलेल्या निळ्या चिंध्यांचं प्रत्येकीवर एक फूल केलं. मोठ्या बाईंनी फुलावरून बोट फिरवलं आणि इतकं नीटस काम इथे कुणी केलं नव्हतं म्हणाल्या. दिवसभर मी हवेत होते.

शनिवार, ८

दुपारी मावशीकडे गेले. आधी निळी फुलं दिसली. दोन्ही हात टोप्यांत, आणि बंद पलंगाच्या दांड्यांना बांधलेले. लांब कशाला ते कळलं. मनगटांवर लाल वळ उठले होते.

त्या मजल्यावरची आया सतत धावपळीत असते, मी तिला मनातल्या मनात घाईबाई म्हणते. ती म्हणाली, मावशी सारखी घंटा वाजवते, पाणी मागते, उठून चालायला लागते. एकटीने इतक्यांना बघायचं तर दुसरं काय करणार. ती दुष्ट वाटली नाही. दुष्ट असती तर मला सोपं गेलं असतं.

मी तोंड उघडायच्या आत मावशीने हात वळेल तेवढा वळवला, मान वाकवून डोळे शिवणीजवळ नेले आणि म्हणाली, "टीप सरळ पडलीय गं. शिकलीस."

टोमणा नव्हता, कौतुकच होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी तिला पाणी पाजलं, पांघरूण सारखं केलं. बंदांना हात लावला नाही.

सोमवार, १०

मोठ्या बाईंशी बोलायचंच म्हणून सकाळी त्यांच्या खोलीत गेले. पांढरी बटणं संपत आलीत असं सांगून परत आले.

दुपारी दादाचा फोन. "आई कशी आहे?"

"मजेत आहे रे. मी आहे ना."

नोकरी जाईल, खोली जाईल, हे भय आहेच. पण खरं कारण तेवढं नाही, इथे तरी खोटं कशाला लिहू. दादा पहिलं विचारेल, त्या टोप्या शिवल्या कुणी. आणि ते फूल कुणी लावलं?

बुधवार, १२

मावशीच्या टोप्या दुरुस्तीला आल्या. फाटलेल्या नाहीत, उसवलेल्या. एकेक टाका निगुतीने काढलेला, कापडाला ओरखडा नाही. घाईबाई म्हणाली, कवळीने करते, तोंडात दोऱ्याचे तुकडे सापडतात. मला हसू आलं, अभिमानही वाटला.

मोठ्या बाईंनी नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी टीप मारायला सांगितलं. मी मारली. नाही म्हणायला माझी जीभ उचलत नाही. हात मात्र चालतात.

शनिवार, १५

दुहेरी टीपही उसवली. म्हणून तिची कवळी काढून घेतली आहे. कपाटावर बशीत ठेवली आहे, तिला दिसेल अशी. आता पातळ करून भरवतात आणि तिचं बोलणं धड कळत नाही. मी गेले तर तिने बशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खिडकीकडे बघितलं.

खाली येऊन पुन्हा टीप मारली. तिहेरी. स्वतःची किळस येते, आणि तरी शेवटचा दोरा मी नीट कापला.

डाव्या करंगळीच्या बेचक्यात दिवसभर खाजतंय.

सोमवार, १७

टोप्या पुन्हा उसवून आल्या. कवळी नाही, हात बांधलेले, बोटं आत बंद. घाईबाई चरकली आहे. म्हणाली, यावेळी दोराच सापडत नाही, गादीवर नाही, तोंडात नाही.

मला सापडला. माझी डावी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकमेकांना शिवलेली आहेत. मुळापासून टोकापर्यंत, कातडीतून, बारीक हातशिलाई. शेवटी दोन गाठी, एकीवर एक. दुखत नाही. कात्रीचं टोक घातलं तर रक्त आलं, टाका हलला नाही. घाईबाईला दाखवलं. तिला टाके दिसेनात, नुसती चिकटलेली बोटं दिसली. भाजलंय का, म्हणाली.

दादाचा फोन आला. मजेत आहे, असं म्हणत होते तेव्हाच मधलं बोट — दोरा ओढला गेला की कळतं. सुईमागे येतो, सरसर —

मंगळवार, १८

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मावशीचे बंद सोडले. टोप्या काढल्या. बोटं पांढरी पडली होती, आक्रसलेली. मी ती चोळत बसले. तिने माझा हात उलटा केला, बेचक्यात बघितलं. तिला दिसलं. मान हलवली, नको नको अशी. ती रागावलेली नाही, हे मला त्या टाक्यांहून सहन होईना. आणि माझे दोन टाके आपोआप सुटले, खरंच सुटले, दोरा मांडीवर पडला.

मग जिन्यात मोठ्या बाईंच्या चपला वाजल्या.

मी बांधले. मीच. पटापट, घट्ट. मला सोपं जावं म्हणून मावशीने हात स्वतःहून पुढे केले.

खाली आले तेव्हा डाव्या हाताची सगळी बोटं —

गुरुवार, २०

डावा हात संपला. अंगठाही आत. उजव्याची तीन बोटं एकत्र. पेन कसंबसं धरते.

मावशी कालपासून खात नाही. तोंड मिटून घेते. घाईबाई म्हणाली, असं चाललं तर फार दिवस नाहीत. तीही दुसरीकडे बघत म्हणाली.

मोठ्या बाईंनी माझ्या हाताकडे पाहिलंच नाही. आणखी टोप्या हव्यात, म्हणाल्या. फूल छान दिसतं —

काय करायचं ते मला माहीत आहे. काय केलं की टाका सुटतो तेही माहीत आहे. उद्या दादाचा फोन येईल. सांगायचं. टोप्या, बंद, कवळी. मी शिवल्या, तेही. तेच आधी —

शुक्रवार, २१

मावशी डोळे उघडत नाही. ओठ हलतात. पाणी —

उजव्याची चारही बोटं. अंगठा तेवढा मोकळा. फोन उचलायला अंगठा पुरतो. आधी फोन, मग वर जाऊन बंद — दातांनी सोडेन —

अंगठ्याच्या मुळाशी खाजतंय. पहिला टाका पडला —

वाजतोय. दादाच. उचलते. पेन खाली ठेवायचं आणि उचलायचं, एवढंच. ठेवते. हे एक वाक्य तेवढं पुरं करते आणि लगेच —