चूळ भरायच्या आत

सोमवार, ११ मार्च १९७४

तोंड धुतलेलं नाही. चूळही भरली नाही. आधी लिही, वच्छले, मग चुलीकडे जा — सपन पाण्याबरोबर वाहून जातं!

आला होता. माझा इंद्रभान. स्वतःच्याच दारात पाहुण्यासारखा उभा. अंगावर खदानीतल्या दगडाची पांढरी भुकटी, भुवयासुद्धा पांढऱ्या. म्हटलं, एका वर्षात पोरगा बापापेक्षा म्हातारा झाला की काय! "ये ना, उभा काहून?" म्हटलं. बोलला नाही. मग दारच दिसेना आणि मी जागी.

गप होता. दोनदा लिही. गप होता.

माझ्या मायनं सांगून ठेवलंय — हरवलेलं माणूस सपनात गप राहिलं तर जिवंत आहे. पाणी मागितलं तर गेलं.

म्हणजे जिवंत आहे. आता जा, चहा टाक.

मंगळवार, १२ मार्च

काल काय लिहिलं ते वच्छलेनं वाचून दाखवलं. मी 'मले' म्हणते, ही 'मला' लिहिते. सातवी पास सून केली की असं होतं! लिहू दे बापा. मला अक्षरं म्हणजे सांडलेले मेथीचे दाणे. मात्र तिला बजावलं — माणसं बोलली ते बोलली तसंच लिहायचं, नाहीतर आपला सोयरा तहसीलदारासारखा बोलायला लागेल. हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

सपन — तोच. विहिरीच्या काठावर पाठमोरा. गप.

शुक्रवार, १५ मार्च

हे कसं करते तेही लिहून ठेव म्हणाली वच्छला. तुमच्या मागं कोणाला माहीत राहणार, म्हणे. माझ्या मरणाची केवढी ती घाई!

दिवाळीत बांधावरून आणून सावलीत वाळवलेली शंखावली. ती कुटून बकरीच्या दुधात. त्यातच सहाणेवर उगाळलेलं थोडं जायफळ. टाळूला ब्राह्मीचं तेल — ब्राह्मी आता फक्त मोटेच्या विहिरीपाशी, जिथं पाणी सांडतं तिथंच उरलीय, दुष्काळानं बाकी सगळी खाल्ली. उशाखाली फडक्यात वेखंडाचा तुकडा. आणि डोक्यात एकच नाव. दोन नावं घेतली की सपनाचा बाजार होतो. धोतऱ्याकडे पाहायचंसुद्धा नाही. त्यानं सपन पडत नाही, माणूसच पडतो.

सकाळी चूळ भरायच्या आत कोणाला तरी सांगायचं. एवढंच. यात देव नाही, मंत्र नाही. छप्पन साली आम्ही देव नदीत सोडले ते सोडलेच. पाला-मुळ्या सोडा असं कोणी म्हणालं नव्हतं.

काल रात्रीचं — गप.

मंगळवार, १९ मार्च

गप.

सोमवार, २५ मार्च

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी वच्छलेचे वडील आले, मारोतराव. माझ्याआधी नातीला जवळ घेतलं, पंचीला. चार वर्षांची आहे, आजोबाच्या खिशात हात घालून गूळ काढते. तेव्हाच ओळखलं, आज काहीतरी मागायला आलेत.

म्हणाले, "इनबाई, सव्वा वरीस झालं. इंद्रभान गेला तवा मजुराची टोळी तीसची होती, वापस आली पंधराची, बाकी दुसऱ्या खदानीवर गेली. तुमच्या लेकाचा ना निरोप ना पत्ता. माह्या पोरीनं किती दिवस दाराकडं पाहाचं?"

किन्हीराजा गावचा जानराव म्हणून आहे, शाळेत शिपाई. बायको गेल्या साली गेली. तो वच्छलेशी पाट लावायला तयार आहे. पण आमच्यात नवरा हरवलेल्या बाईचा पाट लागायचा तर नवऱ्याच्या आईनं चार माणसांत म्हणावं लागतं — माझा लेक गेला, सून मोकळी. आईच्या तोंडून निघाल्याशिवाय कोणी पुढं होत नाही. आणि एकदा निघालं की परत गिळता येत नाही.

मी म्हटलं, "इवाई, तो रोज माह्या सपनात येते. जित्ता हाये."

"सपनावर सौंसार चालते का?"

"माहा तं चालून राह्यला!"

हसले नाहीत. बुद्धपौर्णिमेपर्यंत वाट पाहतो म्हणाले. जाताना पंचीकडे पाहून हळूच म्हणाले, "पोट्टी तं बापाच्या घरचीच. जानराव तिले नेणार नाही." मी मान हलवली. रीतच आहे ती.

वच्छला पूर्ण वेळ चुलीपुढं. लाकूड जळून गेलं तरी फुंकत होती.

मंगळवार, २ एप्रिल

आज सपनात पूर आला होता. दुष्काळाच्या मुलखात पूर — शंखावलीला विनोद कळतो! पुरात माझी जातं-पाटा-सूप सगळी भांडी तरंगत चाललेली. इंद्रभान एका खाटेवर बसून वाहत होता, लहान, पाच वर्षांचा, डोक्याला टोपडं. मी काठानं पळत राहिले. पायात काटे. खाट वळणावर गेली.

बोलला का? वच्छलेनं लिहिता लिहिता विचारलं. कधी विचारत नाही, आज विचारलं.

नाही. गप होता.

तिनं लिहिलं. मग पदरानं डोळे पुसले. धूर आहे म्हणाली. चूल तर पेटवलीच नव्हती अजून.

मंगळवार, ९ एप्रिल

हिला काय झालंय ते मला समजतं. मी दाई आहे, बाईचं तोंड पाहून पोटातलं ओळखते. रोज सकाळी मी म्हणते जिवंत आहे, आणि रोज सकाळी हिच्या पायात एक बेडी पडते. पंचवीस वर्षांची आहे. काल डोक्याला तेल लावून वेणी घातली, आरशात पाहिलं, मग वेणी सोडून टाकली.

हे मी तुलाच सांगून तुझ्याकडूनच लिहून घेते. माझी कमालच आहे! लिही, लिही. हात नको थांबवू.

"आई, तुमाले वाटते तसं नाही," म्हणाली.

सासूला वाटतं तसं कधीच नसतं, माहीत आहे.

रविवार, १४ एप्रिल

जयंती. निळे झेंडे, मिरवणूक, पोरांनी लेझीम खेळली. पंचीला खांद्यावर घ्यायला बाप नव्हता, शेजारच्यानं घेतलं. संध्याकाळी विहारात एक शिकलेला पोरगा भाषणात म्हणाला, सपनं, शकुन, उतारे, हे सगळं डोक्यातून काढा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. बरोबरच बोलला तो. पण त्याचं कोणी हरवलेलं नसावं.

गुरुवार, १८ एप्रिल

वच्छला म्हणाली, "आई, मलेही द्या ते. एकडाव. मलेही त्याले पाहाचं हाये."

नाही कसं म्हणू? कपात दूध दिलं. तेल लावलं. वेखंड दिलं.

सकाळी आज उलटं झालं, मी विचारणारी आणि ही सांगणारी. म्हणाली, "काहीच नाही पडलं." दुपारपर्यंत तोंड एवढंसं. म्हटलं, पहिल्या वेळी नसतं पडत.

माझ्या सपनात — गप.

रविवार, २१ एप्रिल

दोन उलट्या. घर फिरतं. जायफळ जास्त झालं. सपन सांगण्यासारखं नाही.

सोमवार, २२ एप्रिल

पाय उचलत नाहीत. जीभ लाकडाची. वच्छलेनं सहाण लपवली! "बंद करा आता हे, तुमी मराल," म्हणाली. मी म्हटलं, दाईला दवा शिकवू नको. तर म्हणे, "तुमी गेल्या तं माह्यं कोण हाये इथं?"

बोलायला गोड आहे पोरगी. पौर्णिमेनंतर तिला कोणाची गरज! शिपायाचं घर, महिन्याला पगार, पक्की भिंत. माझ्यासारख्या खोकणाऱ्या बुढीची काय गरज!

सहाण कोठीमागं होती. मला सापडली.

गुरुवार, २ मे

रोजच्याला तोच. गप. लिहायचं आहे म्हणून लिही.

सोमवार, ६ मे. बुद्धपौर्णिमा

आज सकाळचं नाही, संध्याकाळचं लिहायचं आहे. आणि मध्ये बोलू नको. जे सांगते ते पुरं लिही, मग मला शिव्या दे.

विहारात वंदना झाली. खिरीचं पातेलं अजून झाकलेलंच होतं. म्हातारे चार-पाच जण, मारोतराव, जानराव पण आला होता — सदरा नवा, कान मोठे. बायका भिंतीकडे. तू पंचीला मांडीवर घेऊन. मी उभी राहिले. उठायला दोघींनी धरावं लागलं, हे शोभेसाठी नव्हतं, खरंच उभं राहवत नव्हतं.

म्हटलं, "ऐका. माह्या इंद्रभाननं पाणी मागतलं. माहा लेक गेला. वच्छला मोकळी हाये."

मारोतरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. मग त्यांचे खांदे खाली आले, पोतं उतरवल्यावर येतात तसे. तू पंचीला उचललंस आणि निघून गेलीस. खीरसुद्धा घेतली नाहीस.

आता खरं काय ते लिही.

पाणी त्यानं काल नाही मागितलं. पहिल्याच रात्री मागितलं. ११ मार्चला. दारात उभा होता हे खरं, भुकटी खरी, भुवया खऱ्या. मी म्हटलं ये ना, तर म्हणाला, "मा, पाणी दे." एवढंच. मी तांब्या आणायला वळले आणि जागी झाले. तू वही घेऊन बसलेली. तुझ्या तोंडाकडे पाहून माझी जीभ फिरली. वाटलं, हे बोलले तर ही जाईल. पंची आणि मी, एक चार वर्षांची, एक सत्तरीची — कोणी कोणाला सांभाळायचं? म्हणून त्याला गप केला. रोज मागायचा. पुरातल्या खाटेवरूनसुद्धा. रोज मी त्याचं तोंड दाबलं. जायफळ वाढवत गेले ते याचसाठी, एखाद्या रात्री तरी तो खरंच गप उभा राहील. नाही राहिला.

तुला दिलं ते नुसतं दूध होतं. शंखावली नव्हती त्यात. तुझ्याकडे येऊन त्यानं पाणी मागितलं असतं तर मी उघडी पडले असते.

तू रोज लिहिता लिहिता रडायचीस. मला वाटलं, मी एका जिवंत बाईला मेलेल्याच्या खुंट्याला बांधून ठेवलंय. लेक तर गेलाच, सुनेचा जीव कशाला घेऊ? तुला आधी सांगितलं असतं तर दयेपोटी नको म्हणाली असतीस. मला सुनेची दया नको. म्हणून थेट चार माणसांतच बोलले.

झालं. आता वही मिट.

मिटत नाही. हेही लिहून राहिलीय.

बुधवार, ८ मे

गाडी दारात आहे. मारोतराव बैलांना पाणी पाजून राहिलेत. पंची कोठीमागं दडून बसलीय, निघत नाही.

वच्छलेनं ट्रंकेच्या तळातून एक कार्ड काढलं. गेल्या दिवाळीच्या आधीचं, खदानीवरच्या मुनशीनं लिहिलेलं. माझ्या घरात वाचणारी तीच एकटी, आलं तेव्हा तिच्याच हातात पडलं. आज मला वाचून दाखवलं. दरड कोसळली. चार माणसं. इंद्रभान त्यातला. तिथंच माती दिली.

"दिवाळीपासून माहीत होतं? अन् सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं बाबा तवाच घेऊन गेले असते. मंग पंचीले कोण? तुमी रोज सकाळी त्याले जित्ता ठेवत होत्या, आई. म्हणून मी इथं होती."