ब्लॉकला पाणी पाजू नये

अण्णा,

ब्लॉकला पाणी पाजायचं नसतं. विटेला पाजायचं, ब्लॉकला नाही. एवढंसं वाक्य, पण तुम्हाला सांगायचं म्हणून कागद घेऊन बसलो की मी दुसरंच काहीतरी लिहीत बसायचो. आईची तब्येत, नवीन खोली, दिल्लीची थंडी. आज आधी हेच लिहून टाकलं. तुम्ही समोर असतात तर हातातली थापी खाली ठेवून माझ्याकडे नुसते बघत राहिला असतात, आणि तुमचं ते बघणं मला ओरडण्यापेक्षा जड जायचं.

तुम्ही गेल्यानंतर इथे काय झालं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नोएडात आपण दोघांनी शेवटचं घर बांधलं त्याच्या मागे मोहरीची शेतं होती, आठवतं? जेवायला आपण बांधावर बसायचो. आता तिथे रस्ता आहे, पलीकडे काचेची ऑफिसं आहेत, आणि शेतांना सेक्टरांचे आकडे लागले आहेत. लोक आता बंगला-कोठी बांधत नाहीत, फ्लॅट घेतात. या उंच इमारतींमध्ये भार सगळा खांबांवर असतो, भिंत फक्त मधली जागा भरते, आणि ती भरायला विटेऐवजी सिमेंटचा ब्लॉक वापरतात. एकच ब्लॉक कितीतरी विटांची जागा घेतो, दोन्ही हातांनी उचलावा लागतो. तुमच्या हयातीत तो आपल्या कामावर कधी आला नाही.

मी अशाच एका साइटवर आहे. पण बांधत नाही, शिकवतो. साइटवर डोक्यावरून विटा आणि सिमेंट-वाळूचा माल वाहणाऱ्यांपैकी ज्यांना गवंडीकाम शिकायचं आहे, त्यांच्यासाठी सिमेंटच्या गोदामामागे एक शेड दिली आहे. सकाळी ते माझ्याकडे शिकतात, दुपारी आपापल्या कामावर जातात. बुंदेलखंडातले, बिहारमधले, बाया आणि पुरुष दोन्ही. मला मास्टरजी म्हणतात. दहावीला न बसलेला मास्टरजी! पहिल्या दिवशी ऐकलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं.

शिकवतो ते सगळं तुमचंच. आधी कोपरे उभे करा, मग दोरी ताणा, मग मधलं भरा. माल लावण्याआधी पहिला थर कोरडाच मांडून बघा. वरच्या थराचा उभा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नका. बसवलेली वीट हलवू नका, हलवलीच तर काढा, जुना माल खरवडा आणि नवा लावा. माल किती घट्ट हवा हे सांगताना मी त्यांना शिऱ्याचं उदाहरण देतो. मुनिरक्याच्या आपल्या जुन्या खोलीत स्वयंपाकघर म्हणजे दाराजवळचा कोपरा होता. आई स्टोव्हवर शिरा परतते आहे, तुम्ही तिच्या हातातून उलथनं घेता, त्यावर शिऱ्याचा गोळा उचलता आणि माझ्यासमोर तिरका करता. "बघ. पडतोय, पण सावकाश पडतोय. माल असा हवा. धावला तर पिठलं, चिकटून बसला तर दगड."

"खाताय की भिंत बांधताय?" आई म्हणते. "त्याला गोड तरी गोडासारखं खाऊ द्या."

"याला जन्मभर गोड मिळावं म्हणून तर दाखवतोय," तुम्ही म्हणता, आणि तो गोळा तुमच्याच तोंडात जातो.

तेव्हा तुम्ही आठवडाभर लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टरांच्या दुरुस्तीवर असायचात. गळकी न्हाणीघरं, फुगलेलं प्लास्टर. तिथल्या मराठी साहेबांच्या बायका तुम्हाला चहा द्यायच्या आणि गावाकडचं विचारायच्या. रविवारी तुम्ही नोएडात कोणाचं तरी घर बांधायला जायचात. मी शाळा सोडली त्याच्या पुढच्याच रविवारी तुम्ही मला सोबत नेलं. घरी एक शब्दही बोलला नव्हतात. बसमध्ये थापी माझ्या हातात दिलीत. नवी होती, पण मूठ तुम्ही तासून बारीक केली होती, माझ्या हाताला बसेल अशी. "शाळेत मन लागलं नाही, ठीक. इथे लावावं लागेल," एवढंच म्हणालात.

लावलं मी मन. जरा जास्तच लावलं. प्रत्येक विटेनंतर ओळंबा सोडून बघायचो. तुम्ही वैतागायचात. "लेका, ओळंबा काय तुझ्याशी खोटं बोलणार आहे? एकदा बघ आणि पुढे हो. भिंत उभी राहायच्या आत तू म्हातारा होशील." अजून तसाच आहे मी. शिकवताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, आणि सगळे सोबतच म्हणून दाखवतात, माझ्याच आवाजात.

एका रविवारी पाण्याचा टँकर आला नाही. होतं ते पाणी माल कालवण्यात संपलं, ड्रम रिकामा. तुम्ही मालकाशी बोलायला गेला होतात आणि मी रिकामं बसायला नको म्हणून कोरड्याच विटा लावत गेलो. तुम्ही परत आलात, ओळीकडे पाहिलंत आणि वरची वीट दोन बोटांनी उचललीत. ती नुसती निघून आली. खाली माल भुकटीसारखा. तुम्ही मारलं नाहीत. एक कोरडी वीट माझ्या तोंडासमोर धरलीत. "जीभ लाव."

मी लावली. जीभ विटेला चिकटली, ओढून काढावी लागली.

"कळलं? तुझ्या तोंडातलं पाणी ओढते ती, मालातलं सोडेल? तहानलेली वीट मालाचा जीव घेते. आधी तिला पाणी पाज, बुडबुडे थांबेपर्यंत पाज, मग कामाला लाव." मग ती सगळी ओळ माझ्याकडून उतरवून घेतलीत. संध्याकाळपर्यंत माझ्या जिभेला मातीची चव होती.

हा धडा मी माझ्या शेडमध्ये प्रत्येकाला दिला. सगळ्यांच्या जिभा विटेला लावल्या. खूप हसले ते. मग ब्लॉककाम सुरू झालं आणि मी तेच सांगितलं, की ब्लॉक रात्रभर पाण्यात ठेवा. मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही.

यंदा त्यांना पहिलं खरं काम मिळालं. साइटवरच्या मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघराची एक खोली, ब्लॉकची. ठेकेदार सुरुवातीपासून या वर्गाच्या विरुद्ध, पण इंजिनिअर मॅडमनी त्याला गळ घातली. मॅडम मेरठच्या, वयाने माझ्याएवढ्या. त्या म्हणाल्या, ही खोली नीट झाली तर यांना गवंडी म्हणून कामावर घ्यायचं. शिकणाऱ्यांमध्ये एक बाई आहे, सगळ्यात चपळ आणि सगळ्यात तोंडाळ. नवऱ्यासोबत झाशीकडून आली, कित्येक वर्षं घमेली वाहिली. ती मला म्हणाली होती, "मास्टरजी, एक बार हाथ में करनी आ गई ना, तो सर पे फिर कुछ नहीं रखूँगी. घूँघट भी नहीं." करनी म्हणजे इथली थापी.

खोली उभी राहिली. ओळंब्यात होती, मी अनेकदा बघितलं. आणि मग उन्हाळ्याची लू, ते भाजणारं वारं, सुटली, तशी भिंतींना चीर पडली. एका भिंतीत मधोमध, वरपासून खालपर्यंत. दुसरीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी. मी बोट फिरवत राहिलो. नख आत जात होतं.

ठेकेदाराने लांबूनच पाहिलं. "मास्टर, ये स्कूल-विस्कूल अब बंद करो. जिसका काम सर पे ढोना है, वो ढोए." दुसऱ्या दिवसापासून शेडला कुलूप. माझे सगळे शिकाऊ पुन्हा घमेल्यांखाली. ती बाई माझ्यासमोरून माल घेऊन गेली आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.

मॅडम आल्या, चिरेजवळ उभ्या राहिल्या. "ब्लॉक भिगोए थे?"

"जी मैडम. रात भर." मी ते अभिमानाने सांगितलं, अण्णा.

"रात भर!" त्यांनी कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं. पक्की वीट भट्टीत भाजलेली असते. ब्लॉक सिमेंटचा, तो पाणी पिऊन जरासा फुगतो आणि वाळताना आकसतो. भिंतीतला प्रत्येक ब्लॉक एकाच वेळी आकसू लागला की भिंतीला फाटण्याशिवाय वाटच राहत नाही. मी म्हणालो, माझ्या वडिलांनी असंच शिकवलं आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, "ईंट सिखाई थी ना? ठीक सिखाई थी. ये ईंट नहीं है."

मला पटलं नाही. खरं म्हणजे मला राग आला. पुस्तकातलं बोलतात, असं वाटलं. त्या दिवशी काम सुटल्यावर मी एकटाच त्या खोलीत उभा होतो, तुमच्या बाजूने मनातल्या मनात भांडत. मागून आवाज आला. तीच बाई, दारात. "मास्टरजी, दरवाज़े वाली दीवार देखी?"

दाराकडची भिंत तिने बांधली होती. ती बांधायच्या आदल्या दिवशी साइटवर ब्लॉक भिजवायला पाणी आलं नव्हतं, आणि तिने थांबण्याऐवजी कोरडेच ब्लॉक लावले होते. मी तिला सगळ्यांदेखत झापलं होतं. जीभ लावायला लावली होती, माझ्या तोंडी तुमचेच शब्द होते. भिंत मात्र उतरवली नव्हती, कारण ठेकेदाराला घाई होती.

त्या भिंतीत चीर नव्हती. तोच माल, तीच दोरी, तेच ऊन. मी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हात फिरवला, मग विजेरी मागवून पुन्हा पाहिली. काही नाही.

"इसी के लिए डाँट खाई थी मैंने," ती म्हणाली. "अब किसको डाँटोगे?"

अण्णा, त्या क्षणी मला दोन गोष्टी एकदमच कळल्या. मॅडमचं खरं होतं. आणि तुमचंही खोटं नव्हतं, तुम्ही विटेबद्दल बोलला होतात, ते मीच उचलून ब्लॉकवर ठेवलं होतं. पण हे कळून वर्ग सुरू होत नव्हता. मी सकाळी मॅडमकडे गेलो आणि म्हणालो, फुटलेल्या भिंती आम्ही पाडतो आणि पुन्हा बांधतो, कामाचे तास सोडून. प्लास्टर होईपर्यंत एक चीर दिसली तर शेड मी स्वतः कायमची मोकळी करून देतो, नाही दिसली तर वर्ग पुन्हा सुरू करायचा. मॅडमनी ठेकेदाराला मनवलं. तो म्हणाला, "तोड़ लो. तोड़ना तो आता ही होगा."

मी सगळ्यांना शेडसमोर बोलावलं. मॅडमही येऊन मागे उभ्या राहिल्या. मी म्हणालो, चूक माझी आहे, ब्लॉकला पाणी पाजायचं नव्हतं. मग ती बाई म्हणाली, "कल तक तो पानी पिलाओ, पानी पिलाओ. गाय-भैंस समझ रखा था ब्लॉक को." सगळे हसले, आणि हसता हसता एकाने घण उचलला.

यावेळी ब्लॉक फळ्यांवर रचले, वरून ताडपत्री घातली. कोणी जवळ पाण्याची बादली नेली तरी मी ओरडायचो. ब्लॉक बसवण्याआधी फक्त मालाला टेकणारी बाजू ओल्या कुंच्याने पुसायची. माल थोडा कमी सिमेंटचा. एका दिवसात फार उंच चढायचं नाही. माझा हात सारखा बादलीकडे जायचा, तुमची सवय अंगात आहे. मी तो मागे घेत राहिलो. लू तशीच वाहत होती. रोज सकाळी कामाआधी मी भिंतीपाशी जायचो, आणि मला उशीर झालेला असायचा, कारण ते सगळे आधीच तिथे कान लावल्यासारखे उभे असायचे.

काल ठेकेदार प्लास्टरवाल्यांना घेऊन आला. त्याने भिंतीवर टॉर्च तिरका धरला, खिडकीच्या कोपऱ्यात नख घातलं. नख आत गेलं नाही. "हूँ," म्हणाला. मग जाता जाता, मॅडमकडे न बघता, "पहली मंज़िल के पार्टिशन इनको दे दो. और मास्टर, नए लोग भेजूँगा, सिखाओ." ती बाई माझ्याशेजारी उभी होती. तिने डोक्यावरची चुंबळ काढली, झटकली आणि गोदामाच्या छपरावर फेकून दिली.

हे पत्र आईला वाचायला द्यावं म्हणून मी नीट लिहायला घेतलं होतं, प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ तपासत. पण आता ते तिलाही दाखवता येणार नाही. कारण एक गोष्ट राहिली आहे, आणि ती वाचली तर आई लगेच म्हणेल, "यांनी ब्लॉक कधी पाहिला होता?"

शेडसमोर चूक माझी आहे म्हणालो तेव्हा मी तिथे थांबलो नव्हतो. पुढे म्हणालो, "मेरे पिताजी ने तो ठीक ही सिखाया था. ईंट को पानी, ब्लॉक को सूखा. मैं ही भूल गया." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं; तुम्ही काय शिकवलं होतं ते त्यांनी आधी माझ्याच तोंडून ऐकलं होतं. आज सकाळी नव्याने आलेला एक जण पाण्याचा पाईप ओढत ब्लॉककडे निघाला, तर त्या बाईने त्याला अडवलं. "ए भैया, उधर नहीं. मास्टरजी के पिताजी कह गए हैं, ब्लॉक को पानी नहीं." तो पाईप घेऊन मागे फिरला.

मी तिला दुरुस्त केलं नाही, अण्णा. करणारही नाही.